मान हलवली म्हणजे पोच नव्हे

भुसावळला मी ज्या घरात भाड्याने राहिले, त्या घराच्या मालकांनी खोली दाखवताना पाणी किती वाजता येतं ते सांगितलं नाही, लाइटचं मीटर दाखवलं नाही, पाहुणे आले तर चालतील का तेही काढलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "सकाळी आठला आणि संध्याकाळी आठला तुम्ही फोन उचलाल का?"

मला वाटलं, एकटे आहेत, पडले-झडले तर कोणी असावं म्हणून विचारतायत. मी म्हटलं, "उचलीन की."

"रोज?"

"रोज."

"सुट्टीत घरी धुळ्याला गेलात तरी?"

माझा स्वभाव मुळात तिखट. दिवसभर शाळेत पोरांशी हुज्जत घातल्यावर उरलेला घरी आणते. "आबा, खोली द्यायचीय की नोकरी?" मी म्हणाले. ते हसले नाहीत. "मांजराला इन्सुलिन असतं," ते म्हणाले. "दर बारा तासांनी. देताना मला पुढचं स्टेशन लागतं."

अशी मी स्टेशन झाले.

आबा रेल्वेतून स्टेशन मास्तर म्हणून रिटायर झालेले. सुरत लाइनवरच्या लहानलहान स्टेशनांवर त्यांनी चौतीस वर्षं काढली, आणि त्या चौतीस वर्षांत आपल्या हातून एकही गाडी चुकीच्या रुळावर गेली नाही, हे ते कोणी न विचारता सांगत. यात बढाई नसायची. आपण आपलं रक्त कुठल्या गटाचं आहे ते सांगतो, तसं सांगत.

त्यांच्या नोकरीतली एक रीत त्यांनी घरी आणली होती. एका स्टेशनावरून पुढच्या स्टेशनाकडे गाडी सोडायची, तर मास्तर आधी पुढच्या मास्तरला फोन करून लाइन मोकळी आहे का विचारतो. पुढचा नुसतं 'हो' म्हणून सुटत नाही. 'हो'बरोबर तो दोन आकडी नंबर देतो. तो नंबर त्याच्याजवळच्या एका कागदावरून येतो, पुढचा आकडा कोणता निघेल हे दुसऱ्याला ठाऊक नसतं, आणि एकदा दिला की तो खोडून टाकायचा. ऐकणारा तो वहीत लिहितो. उद्या कोणी म्हणालं, मी असं बोललोच नव्हतो, तर वही बोलते. याला ते प्रायव्हेट नंबर म्हणत.

घरातली पद्धत अशी होती: आबा खाली सुई भरत आणि मला वर फोन करत. "तीन युनिट. वेळ आठ. नंबर सत्तेचाळीस." मी ते वहीत लिहायचं, शब्दन् शब्द परत म्हणून दाखवायचं आणि माझ्या कागदावरचा नंबर द्यायचा. मग सुई. नंबरांचे कागद दर महिन्याला नवे होत. हौजीच्या सोंगट्या स्टीलच्या डब्यात खुळखुळवून एकेक काढायची आणि आकडे ओळीने मांडायचे. माझा कागद मीच करायचा. ते त्यात डोकावतसुद्धा नसत. एकदा मी कंटाळून मनानेच 'बावीस, तेवीस, चोवीस' असे लिहीत सुटले, तर तिसऱ्या दिवशी त्यांनी ओळखलं आणि आठवडाभर मला चहा विचारला नाही.

लग्नाच्या पंगतीत, एसटीत, दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असताना, मी नंबर दिलेले आहेत. शाळेतल्या बायका मला चिडवायच्या, आला बाई तुझा गार्ड. पण खरं सांगते, दोन-तीन महिन्यांत आठ वाजायला आले की माझाच हात पेनाकडे जाऊ लागला.

हे सगळं सुरू झालं ते अक्का गेल्यावर. अक्का म्हणजे त्यांची बायको. मी तिला पाहिलेलं नाही, पण घरात तिचं असणं सगळीकडे होतं. तिलाही साखरेचा आजार. अकरा वर्षं आबांनी तिला रोज सुई दिली. मांजर तिचंच. राखी रंगाची भुरी. अक्का तिला दूध-पोळी कुस्करून घालायची, स्वतःला मना असलेलं सगळं त्या मांजराला खाऊ घालायची, असं शेजारचे सांगत. अक्का गेली आणि वर्षभरात भुरी पाणी पीत सुटली. वाटीच्या वाटी रिकामी. अंग वाळलं, आणि मागच्या पायांनी ती टाचा टेकवून चालायला लागली, मांजर कधी चालत नाही तशी. गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, हिला डायबेटीस आहे, माणसाचं इन्सुलिन चालेल. आबांनी अक्काचाच डबा उघडला. लाल टोपीच्या सिरिंजांनी तो भरलेला होता. ते म्हणाले, "तिने हिच्यासाठीच ठेवून दिल्यासारखं झालं."

मग एका सकाळी ते रिकामी सिरिंज हातात धरून स्वयंपाकघरात उभे राहिले आणि त्यांना आठवेना, आपण सुई दिली की द्यायची आहे. त्यांनी दिली नाही. मांजर दिवसभर पाणी पीत राहिलं. "एकट्या माणसाच्या आठवणीवर गाडी सोडत नाहीत," असं ते मला म्हणाले होते. म्हणून त्यांनी वरची खोली भाड्याने काढली. पैशासाठी नाही.

ते जन्माचे शाकाहारी. अंडंसुद्धा शिवलं नव्हतं. डॉक्टरांनी दूध-पोळी बंद करून कोंबडी उकडून घालायला सांगितल्यावर त्यांनी अंगणात कडुलिंबाखाली वेगळी शेगडी मांडली, वेगळं पातेलं आणलं, आणि नाकाला उपरणं बांधून रोज ते काम केलं. उन्हाळ्यात लाइट गेली की फ्रिजमधली औषधाची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या गार अंगाला लावून ठेवत आणि शेजारी खुर्ची टाकून बसत. लाइट येईपर्यंत ती खुर्ची हलत नसे.

माणसांशी ते कागदी मराठी बोलत, नोटीस वाचल्यासारखं. अहिराणी फक्त भुरीशी. "हाल नको व माय, मुंगी चावनी समज," असं म्हणत सुई टोचायचे. "पानी कितलं पेस व तू," म्हणून रागवायचे. अक्काशी ते याच भाषेत बोलत असणार. मी धुळ्याची, मला ते सगळं कळायचं, आणि मला कळतं हे त्यांना ठाऊक होतं. पण आम्ही दोघंही तसं दाखवत नव्हतो. मीही शाळेत नोकरीला लागल्यापासून घरची भाषा ट्रंकेत ठेवल्यासारखी ठेवलेली.

त्यांचं एक वाक्य मी अजून वर्गात वापरते. दूधवाल्याला ते सांगत, उद्या अर्धा लिटर. दूधवाला मान हलवायचा. आबा त्याला फाटकातून बाहेर पडू देत नसत. "मान हलवली म्हणजे पोच नव्हे. काय आणशील? म्हण." तो बिचारा म्हणायचा, "अर्धा लिटर, आबा." मग सुटका. निरोप परत म्हणून दाखवला तरच तो पोचला. नाहीतर तो सांगितलाच नाही असं धरायचं.

हे वाक्य पुढे माझ्याच गळ्याशी आलं.

जुनं इन्सुलिन भुरीला पुरेना. जळगावला एक मांजर-कुत्र्यांचे चांगले डॉक्टर आहेत असं कळलं. त्यांनी आधी फोनवर सांगितलं, एक दिवस दर दोन तासांनी साखर मोजून आकडे आणा. आबांनी भुरीच्या कानाच्या कडेला बारीक टोचून दिवसभर आकडे घेतले आणि चौकटीच्या कागदावर गाड्यांच्या आलेखासारखा आलेख काढला. खाली वेळ, उभी साखर. सुई दिल्यावर रेघ खाली उतरे, आणि सात-आठ तासांतच पुन्हा वर चढे.

रविवार नव्हता तरी मी त्यांच्यासोबत जळगावला गेले, शाळेला रजा टाकून. भुसावळ स्टेशनावर तमाशा झाला. आबा पार्सल ऑफिसात गेले आणि टोपलीतल्या मांजराचं बुकिंग करा म्हणाले. तिथला क्लार्क तरुण होता. "आबा, न्या ना तसंच, अर्ध्या तासाचा तर प्रवास. कोण बघतंय?" आबा म्हणाले, "मी बघतोय." पावती घेतल्याशिवाय ते हलले नाहीत. एक गाडी गेली. दुसरीने आम्ही गेलो.

जळगावच्या डॉक्टरांनी आलेख पाहून तो भिंतीवर लावायला मागितला. आबा खूश झाले. डॉक्टर म्हणाले, औषध चांगलं आहे, पण मांजराच्या अंगात ते लवकर संपतं. आपण दुसरं देऊ, हळूहळू उतरणारं. जुनं औषध दुधासारखं होतं, बाटली तळव्यांत फिरवून मिसळावी लागे. हे नवं पाण्यासारखं स्वच्छ. आबांनी डॉक्टरांजवळची नमुन्याची बाटली उजेडात धरली. "यात औषध आहे ना?" डॉक्टर हसले. कागदावर त्यांनी औषधाचं नाव लिहिलं आणि 'दोन युनिट, दिवसातून दोनदा'.

मग आबा भुरीला टोपलीत घालत बसले, ती जाईना, नखं मारत होती. मी दारात उभी होते. माझ्या फोनवर बदल्यांची यादी आली होती. सहा वर्षं मी धुळ्याची वाट बघत होते आणि त्या यादीत माझं नाव शोधत होते. डॉक्टर माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "एक महत्त्वाचं. हे औषध जुन्यापेक्षा दाट असतं. याला सिरिंज वेगळी लागते, नारिंगी टोपीची. लाल टोपीच्या सिरिंजने दोनच्या रेघेपर्यंत भरलंत, तर अडीचपट औषध जाईल. मांजर जाईल. त्यांना नीट सांगा."

मी मान हलवली.

यादीत माझं नाव नव्हतं. परतीच्या गाडीत मी खिडकीतून केळीच्या बागा बघत बसले आणि मनातल्या मनात सरकारला शिव्या घालत होते. औषधाच्या दुकानात आबांनी फक्त बाटली घेतली. दुकानदाराने विचारलं, सिरिंज? आबा म्हणाले, "घरात आहेत." मी शेजारी उभी होते. फोनवर आईला सांगत होते की या वर्षीही नाही.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, सकाळी आठला फोन आला. "नवीन औषध. दोन युनिट. वेळ आठ. नंबर एकोणनव्वद." मी लिहिलं, परत म्हटलं आणि माझा नंबर दिला. सगळं नियमाप्रमाणे झालं.

अकराला पुन्हा फोन वाजला. "खाली या." एवढंच. नंबर नाही, वेळ नाही. मी पायऱ्या कशा उतरले मला आठवत नाही.

भुरी स्वयंपाकघरात आडवी पडली होती. डोळे उघडे, पाय हवेत चालल्यासारखे हलत होते. आबा तिच्या शेजारी फरशीवर बसले होते आणि म्हणत होते, "ऊठ व माय. ऊठ ना व." साखरेच्या मीटरवर आकडा येतच नव्हता, नुसतं 'लो' येत होतं. मी ओट्याकडे बघितलं. बेसिनजवळ एक टोपी पडली होती, लाल.

त्या क्षणी मला सगळं कळलं. पण आधी करायचं ते केलं. अक्काच्या वेळचं ग्लुकोजचं पाकीट फडताळात होतं, ते पाण्यात कालवून तिच्या हिरड्यांना बोटाने चोळत राहिले. आबांना ते जमेना. मग रिक्षा, गावातले डॉक्टर, सलाइन. दुपारी तीनच्या सुमारास भुरीने मान उचलली आणि माझ्याकडे असं पाहिलं की मीच खाली बघितलं.

गावातल्या डॉक्टरांनी जळगावच्या डॉक्टरांना फोन लावून आबांकडे दिला होता. ते काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, पण आबांचा चेहरा दिसत होता. घरी आल्यावर त्यांनी भुरीला टॉवेलमध्ये ठेवलं, हात धुतले, आणि माझ्यासमोर उभे राहिले. आवाज चढलेला नव्हता.

"सिरिंजचा निरोप डॉक्टरांनी तुमच्याजवळ दिला होता, असं ते म्हणतात."

"हो."

"तुम्ही मला दिला होता का?"

इथे मला एकच शब्द बोलायचा होता. मी तो बोलले नाही. "दिला होता," मी म्हणाले. "गाडीत. टोपली मांडीवर होती तुमच्या. तुम्ही मान हलवलीत."

खोटं नुसतं बोलून भागत नाही, त्याला टोपली लागते, मांडी लागते. ते सगळं माझ्या तोंडून आपोआप आलं, आणि मला माझीच भीती वाटली.

आबांनी टॉवेलमधल्या भुरीकडे बघितलं. मग म्हणाले, "मान हलवली असेन. भुरी ओरडत होती. मला आठवत नाही." आणि पुढे, "मग चूक माझी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी वहीत चौकशी लिहिली. मला वाचून दाखवली. निरोप दिला गेला, ऐकणाऱ्याने पोच दिली नाही, ऐकणाऱ्याच्या स्मरणात निरोप राहिला नाही, दोष ऐकणाऱ्याचा. खाली सही. मी म्हणाले, "आबा, राहू द्या ना हे." ते म्हणाले, "राहूच देतोय. वहीतच राहील." लाल टोपीच्या सिरिंजांचा डबा सुतळीने बांधून त्यांनी वर चिठ्ठी लावली: वापर बंद. अक्काचा डबा होता तो. सुतळी बांधताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

आणि मग त्यांनी स्वतःला ड्यूटीवरून काढलं. त्या दिवसापासून सुई मी द्यायची. मी त्यांच्या स्वयंपाकघरात, ते बाहेर कडुलिंबाखालच्या बाकावर फोन घेऊन. मधे वीस पावलं आणि एक खिडकी. मी म्हटलं, इथूनच ओरडून सांगते की. ते म्हणाले, समोरासमोरचा नंबर नंबर नसतो. मी आतून फोन करायचे. "दोन युनिट. नारिंगी टोपी. वेळ आठ. नंबर अमुक." ते बाहेरून परत म्हणायचे. खिडकीतून त्यांची पाठ दिसायची.

नवं औषध लागू पडलं. भुरीचं पाणी कमी झालं, अंग भरलं, टाचा उचलल्या गेल्या. पावसाळा सरेपर्यंत ती अंगणाच्या भिंतीवर चढून बसायला लागली. आणि ती जसजशी वर चढत गेली तसतसे आबा खाली येत गेले. मी हे रोज बघत होते.

आधी त्यांनी सायकल सोडली. "मान हलवून विसरणाऱ्या माणसाने रस्त्यावर जाऊ नये." मग चिठ्ठ्या आल्या. गॅसवर चिठ्ठी, गॅस बंद केला. दारावर चिठ्ठी, कडी लावली. दूधवाल्याला आता तेच दोनदा विचारत, मी तुला काय सांगितलं? जेवण झाल्यावर ताट धुऊन पालथं घालायचे आणि तासाभराने येऊन ते ताट ओलं आहे का बघायचे. शेजारच्या बायका म्हणायला लागल्या, आबांचं वय झालं. वय काय दोन महिन्यांत होतं? त्यांना काही झालेलं नव्हतं. मी त्यांना सांगितलं होतं की त्यांना विसर पडतो, आणि त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला होता. ज्या माणसाने चौतीस वर्षं दुसऱ्याच्या शब्दावर गाड्या सोडल्या, तो दुसरं काय करणार?

मला झोप नीट लागत होती का, असं कोणी विचारलं तर खोटं नाही बोलणार, लागत होती. माणूस निगरगट्ट असतो. मी स्वतःला समजावत होते की मांजर वाचलं ना, आता उकरून काय मिळणार. खोली जाईल याची भीती होती, डॉक्टर, शेजारी, शाळा, सगळीकडे नाव होईल याची होती. पण खरी भीती वेगळी होती. त्यांच्या वहीत माझ्या प्रत्येक नंबरापुढे बरोबरची खूण होती. ती खूण जाईल याची मला भीती वाटत होती.

दिवाळीनंतर त्यांनीच सुरतेला दिलेल्या आपल्या मुलीला फोन करून सांगितलं की मला विसर पडतो, मला घेऊन जा. तिच्या फ्लॅटमध्ये मांजर चालणार नव्हतं. भुरी माझ्याकडे राहणार, घर तूर्त माझ्या ताब्यात. शनिवारी दुपारच्या गाडीने त्यांचं जाणं ठरलं. शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी मला खाली बोलावलं आणि टेबलावर कागद ठेवला. चार्ज देण्याचा कागद होता. बदली झाली की जाणारा मास्तर येणाऱ्याला असा लिहून देतो. मांजर, एक. मीटर, एक. औषधाची बाटली, अर्धी. नारिंगी टोपीच्या सिरिंजा. कोंबडीचं पातेलं. सगळ्यात खाली एक ओळ होती: चार्ज देण्याचं कारण, देणाऱ्याची स्मरणशक्ती भरवशाची नाही. त्याखाली त्यांची सही, आणि शेजारी माझ्या सहीला जागा.

"वाचून सही करा," ते म्हणाले. "तुमची सही म्हणजे तुम्हाला मान्य."

मी पेन उचललं आणि ठेवलं. "सकाळी करते."

"उद्या दुपारची गाडी आहे."

"सकाळी करते, आबा."

त्या कागदावर सही केली असती तर मी पुन्हा कधी वर्गात उभी राहू शकले नसते. हे मला तेव्हा इतक्या शब्दांत कळलं नव्हतं, पण हात उचलेना एवढं खरं.

सकाळी पावणेआठला मी खाली गेले. आबा बाकावर जाऊन बसले होते. धुतलेला सदरा, बाजूला पिशवी बांधलेली. भुरी खाऊन ओट्याखाली बसली होती. मी नारिंगी टोपी काढली, दोनच्या रेघेपर्यंत भरलं आणि फोन लावला. खिडकीतून त्यांचा हात फोनकडे जाताना दिसला.

"दोन युनिट. नारिंगी टोपी. वेळ आठ. नंबर चौदा."

त्यांनी परत म्हटलं. त्यांचा नंबर दिला. मी सुई दिली. भुरी हललीसुद्धा नाही.

"आबा, फोन ठेवू नका. आणखी एक निरोप आहे."

"बोला."

"जळगावहून येताना गाडीत मी तुम्हाला सिरिंजचं सांगितलं नव्हतं. मी विसरले होते. तुम्ही मान हलवली नव्हती. मी खोटं बोलले."

पाठ तशीच होती. कडुलिंबाची पानं पडत होती ती बाकावर, खांद्यावर. मला वाटलं, ते उठून आत येतील आणि मला घराबाहेर काढतील, आणि मी त्याची वाट बघत होते. पण ते उठले नाहीत. फोनमधून त्यांचा आवाज आला, तोच नोटिशीतला, फक्त सावकाश.

"निरोप मिळाला. जळगावहून येताना सिरिंजचं सांगितलं नव्हतं. सांगणारा विसरला होता. ऐकणाऱ्याने मान हलवली नव्हती." तिथे ते थांबले. खोटं बोलण्याचं त्यांनी परत म्हटलं नाही. "वेळ आठ वाजून चार मिनिटं. नंबर एकसष्ट."

फोन बंद झाला. मी एकसष्ट लिहून घेतला. मला रडू आलं नाही. लाज वाटली, आणि लाजेने माणूस किती हलका होतो तेही कळलं.

भुरी माझ्या पायांवरून गेली आणि दारातून बाहेर बाकाकडे पळाली. त्यांनी तिला उचलून मांडीवर घेतलं. खिडकी उघडी होती.

"ऐकं का व भुरी," ते म्हणत होते. "मी इसरेल नव्हतू. माले कोन्ही सांगेलच नव्हतं. मी इसरेल नव्हतू, माय." विसरलो नव्हतो, मला कोणी सांगितलंच नव्हतं, हे ते मांजराला तीन-चारदा सांगत होते.

मग ते आत आले. वही मागितली. चौकशीचं पान काढलं. वहीत खाडाखोड करायची नाही हा त्यांचा नियम, चुकलं तर एकच रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. 'दोष ऐकणाऱ्याचा' यावर त्यांनी फूटपट्टीने एक रेघ मारली. त्याच्यावर 'दोष सांगणाऱ्याचा' असं ते लिहितील म्हणून मी बघत होते. त्यांनी लिहिलं: निरोप उशिरा मिळाला. आणि सही केली.

"पाच महिने, बाई," ते पेनाचं टोपण लावत म्हणाले. "पाच महिने मी धुतलेलं ताट चाचपून बघत होतो."

माफ करा म्हणण्याएवढं तोंड माझ्याजवळ नव्हतं. त्यांनी टेबलावरचा चार्जचा कागद उचलला, चार घड्या करून सदऱ्याच्या खिशात ठेवला, आणि सुरतेला फोन लावून एवढंच म्हणाले, "आज येत नाही. मांजराची ड्यूटी आहे."

ते त्यानंतर अडीच वर्षं जगले. भुरी त्यांच्या आधी, वय होऊन, त्यांच्याच मांडीवर गेली. माझी धुळ्याला बदली झाली तेव्हा त्यांनी मला त्या कागदाची आठवण कधी करून दिली नाही, आणि नंतर माझ्या नंबरांपुढे बरोबरची खूण केली की नाही ते मी विचारलं नाही.

त्या शनिवारी मी दिवसभर वर बसून होते. सामान बांधायला घ्यावं का, एवढाच विचार डोक्यात होता. संध्याकाळी पाच वाजता दूधवाल्याचा आवाज आला आणि आबांचा. एकदाच सांगितलं त्यांनी. दोनदा नाही.

आठ वाजले आणि फोन वाजला.

"दोन युनिट. नारिंगी टोपी. वेळ आठ. नंबर त्र्याहत्तर."

मी लिहून घेतलं, शब्दन् शब्द परत म्हटलं आणि माझा नंबर दिला.